एका वारुळातलं जोडपं

"चाटणाऱ्याला चव कळत नाही, सवय तेवढी लागते," असं बाई एकदा जेवताना म्हणाल्या, आणि त्यांच्या थोरल्या बहिणीने हातातला घास तसाच ताटात ठेवला.

ताटाशी किडे आणू नयेत, एवढंच ताईचं म्हणणं. पण बाईंच्या बोलण्यात दुसरं येणार काय? जन्म गेला संग्रहालयाच्या मागच्या खोलीत. खोलीला एकच खिडकी, तीही समोरच्या भिंतीवर उघडणारी. कपड्यांत डांबरगोळ्यांचा वास मुरलेला. कपाटांच्या उथळ खणांत टाचण्यांवर ओळीने उभे भुंगेरे: तिळाहून लहान, तांबूस, पंख इतके आखूड की अर्धं पोट उघडं पडलेलं.

हे भुंगेरे मुंग्यांच्या वारुळात राहतात. पाठीवर सोनेरी केसांचे झुबके असतात, त्यांतून काहीतरी पाझरतं. मुंग्या ते चाटतात आणि चाटता चाटता अशा खुळावतात की ह्या आगंतुकाला तोंडाने घास भरवतात. आयतं खाऊन त्याचं तोंड आखडून गेलेलं. तरी घास कमी पडला, की तो त्याच मुंग्यांच्या अळ्या खातो. तो अळी खात असतो आणि मुंगी त्याची पाठ चाटत असते.

काचेखाली मेलेले बघायला बाईंची हरकत नसे. जिवंत वारूळ उघडलं की मात्र मळमळायचं. कोणाच्या पाठीला खळगा, कोणाच्या नाही. कोणाचे डोळे उरलेले, कोणाचे पार मिटलेले. कोणाच्या मिशीची पेरं सुटी, कोणाची जुळून एकच दांडकं झालेलं. त्यावरून जात ठरवायची. एका फुकटखाऊपणाला इतकी रूपं! दुसऱ्या कोणाला सृष्टीचं कौतुक वाटलं असतं. बाईंना शिसारी यायची.

खोलीचे धनी सर. मोठा गोड माणूस. त्यांचं नाव झालं ते दोन जातींमुळे. खोलीत त्या जातींना जाडमिश्या आणि बारीकमिशी म्हणत. दोन्ही शोधल्या होत्या बाईंनी, तरुणपणी, गुडघे फोडून घेत. चित्रंही त्यांनीच काढली. छापून आलं सरांच्या नावाने. "तू मला लेकीसारखी," असं सर तेव्हा म्हणाले, आणि बाई हवेत तरंगत घरी आल्या होत्या.

आता सर निवृत्त होणार होते. निरोपाच्या दिवशी सभागृहात त्या दोन जातींचे खण मांडायचे, शेजारी एक जिवंत वारूळ ठेवायचं आणि बाईंनी दोन शब्द बोलायचे, असं ठरलं. वारुळासाठी बाईंनी संग्रहालयामागचा एक दगड उलटला. खाली मुंग्यांच्या गर्दीत एक जाडमिश्या बारीकमिशीच्या पाठीवर चढलेला होता. ते भांडण नव्हतं. एक मुंगी दोघांनाही आळीपाळीने चाटत होती. पायांना मुंग्या येईपर्यंत बाई तिथेच उकिडव्या बसून राहिल्या.

"सर, जाडमिश्या नर आहे. बारीकमिशी त्याचीच मादी. जात एकच."

सर हसले. "म्हणजे नवरा-बायकोला आपण दोन खणांत कोंडलं म्हण की! संसार सुखाचा झाला असेल."

बाई हसल्या नाहीत.

"अगं, मी गेल्यावर निवांत जुळव त्यांना. परवा दोन शब्द गोड बोल. पुढे ही खोली तुझीच, मी वर सांगून ठेवलंय. आणि यंदा सापडलेल्या त्या नव्या किड्यावर लेख लिहितोय, त्याला तुझं नाव देतो."

"तो मीच शोधलाय, सर."

"तेच तर! माझ्या लेखात तुझं नाव कायमचं राहील."

खोली बाईंना हवी होती. किती वर्षं हवी होती. आणि तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की आपली जीभ ओठांवरून फिरली.

त्या उठल्या तसे सर हळूच म्हणाले, "खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत, बरं का."

घरी येऊन बाई मोरीत चुळा भरत राहिल्या. ताई दाराशी आली.

"काय गं धाकटे, काय गिळलंस एवढं?"

बाईंनी सगळं सांगितलं. ताई ऐकता ऐकता पदराने हात पुसत होती.

"कसले वासे? घर कोणाचं नि खाल्लं कोणी! त्या मेल्याने तुझं सगळं गिळलं, तेव्हा तू काय करत होतीस?"

"चाटत होते," बाई म्हणाल्या आणि पुन्हा चूळ भरली.

ताईने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. "मग बोल गोड आणि घे ती खोली. नाहीतरी भिंतच दिसते खिडकीतून."

निरोपाच्या दिवशी सभागृहात अत्तराचा आणि घामाचा एकत्र वास होता. जो तो बोलून झाल्यावर सरांच्या पाठीवरून हात फिरवून जागेवर जात होता. सरांची मान थोडी पुढे झुकलेली, डोळे अर्धे मिटलेले.

"आणि आता आमच्या लेकीचे दोन शब्द!" सर म्हणाले.

बाई टेबलापाशी गेल्या. दोन खण, दोन पाट्या, दोन नावं. त्यांनी काचा उचलल्या. खिशातून चिमटा काढला, बारीकमिशीची एकुलती एक टाचणी उपसली आणि दुसऱ्या खणात, जाडमिश्याला खेटून रोवली. खणाच्या तळाला लावलेल्या बुचाची करकर मागच्या खुर्च्यांपर्यंत ऐकू गेली.

"अगं... अगं, हे काय?" सरांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं होतं.

बाईंनी रिकाम्या खणाची पाटी पालथी घातली. खोलीची किल्ली तिच्यावर ठेवली. रुमालाने आधी बोटं पुसली, मग ओठ, आणि खुर्च्यांच्या मधून वाट काढत त्या दाराबाहेर निघून गेल्या.