मशरूम क्रीमच्या दोन डब्या

निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी हे प्रकरण आठवलं की मी घरात येरझाऱ्या घालू लागतो. खून नाही, दरोडा नाही. तोंडाला लावायच्या क्रीमचं प्रकरण.

तेव्हा मी लोणावळ्याच्या ठाण्यात होतो. भर पावसाळ्यात एक बाई तोंडाला ओढणी बांधून आली. पन्नाशीची असेल, एका रिसॉर्टच्या काउंटरवर बसायची. तिने ओढणी सोडली आणि आमची महिला हवालदार दचकलीच. दोन्ही गाल लाल, सोललेले. बाजारातल्या एका दुकानातून तिने सुरकुत्या घालवणारी मशरूमची क्रीम घेतली होती.

"साहेब, मॅनेजर म्हणतात, चेहरा नीट होईपर्यंत काउंटरवर येऊ नका. माझ्या जागी एक तरुण पोरगी बसवलीय. तीच तिथं राहिली तर मी काय करू?"

डबीवर जवळच्या औंढे गावातल्या एका बाईचं नाव होतं. ती शेडमध्ये मशरूम पिकवायची आणि त्याचा अर्क घालून घरीच क्रीम करायची. चौकशीला बोलावलं, तर माझ्यावरच उखडली.

"मी सोता लावते, माझी सासू लावते. आमाला काय बी झालं न्हाई. माझी क्रीम असं करायची न्हाई, साहेब!"

तिच्याकडे परवाना नव्हता, त्यामुळे गुन्हा तयारच होता. 'अटक दाखवा आणि संपवा' असे वरून फोन येत होते. पण खोटं बोलणारा माणूस आधी पाणी मागतो. ही नुसती भांडत होती. माझं मन काही घेईना.

तिच्या घरातून आणि दुकानातून डब्या जप्त केल्या. पंचांसमोर नमुने सील करून औषध निरीक्षकांमार्फत प्रयोगशाळेत पाठवले. अहवाल काही येईना. उरलेल्या काचेच्या डब्या मुद्देमालाच्या कपाटात पडून होत्या. लोणावळ्याच्या पावसात आमच्या टोप्या, पट्टे, फायली, सगळ्याला बुरशी धरते, म्हणून ते कपाट अधूनमधून बघावं लागायचं. असंच बघताना लक्षात आलं, औंढ्याहून आणलेल्या डब्यांत हिरवी बुरशी चढलीय, आणि दुकानातल्या डब्या मात्र पांढऱ्याशुभ्र. नाव तेच, झाकण तेच, आतली क्रीम वेगळी!

दुकानदाराला बोलावलं. दोन्ही डब्या त्याच्यासमोर ठेवल्या. त्याने पाणी मागितलं.

"साहेब, तिच्या क्रीमला दोन-तीन महिने लागतात. गिऱ्हाईक शनिवारी येतं, त्याला रविवारी फरक पाहिजे असतो."

स्वस्त क्रीममध्ये स्टेरॉइडचं मलम कालवून, तिच्यासारखी लेबलं छापून तो विकत होता. पुढे अहवालही तसाच आला. दुकानदाराला अटक झाली. औंढ्याच्या बाईला परवाना काढायची समज देऊन सोडलं.

हे सांगायला मी मुद्दाम रिसॉर्टवर गेलो. तक्रारदार बाई आता मागच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालत होती. तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि हळूच विचारलं,

"साहेब, पहिले आठ दिवस चेहरा खरंच तरुण दिसत होता हो. मॅनेजरही म्हणाले होते. त्या मलमाचं नाव तेवढं सांगता का?"

मी नाव सांगितलं नाही. तिचा राग आला आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. गुन्हेगार पकडला की तक्रारदाराचं काम झालं, असं मी नोकरीभर धरून चाललो होतो. त्या दिवसापासून तसं धरवत नाही. तिला काउंटरवर परत बसवेल असं कलम माझ्याकडे नव्हतं.