एका पंगतीतले दोन रस्से

सासऱ्यांच्या छातीत कळ आली आणि ते कवठे येमाईहून आमच्या सणसवाडीच्या खोलीत राहायला आले. डॉक्टरांनी मटण, तेल आणि खोबऱ्याचं वाटण बंद केलं. चिकन चालेल, कडधान्यं भरपूर खा, असं सांगितलं. सासऱ्यांची एकच अट होती. "गावात कुणाला कळता कामा न्हाई. आजारी माणसाला कोण इचारतंय?" रस्त्यानं चालताना दम लागला की ते चपलेतला खडा काढायला थांबायचे. खडा कधीच नसायचा.

मी तेव्हा एका कंपनीत पॅकिंगला होते, पहिल्या पाळीला. निघताना पावटे भिजत घालायचे, दुपारी येताना कातडी काढलेलं चिकन आणायचं. पावट्याला कुकरच्या दोन शिट्ट्या. मग चिकन, आलं-लसूण, हिरवी मिरची, चमचाभर तेल आणि आणखी एक शिट्टी. अर्ध्या तासात जेवण. मला त्याचा अभिमान होता. सासरे वाटीत डोकावून म्हणायचे, "तर्री कुठं हाय? ब्रॉयलर म्हंजी आधीच कापूस, त्यात ह्ये पावटं." पण ताट स्वच्छ करायचे. जगायचं होतं त्यांना, फक्त कबूल करायचं नव्हतं.

एका रविवारी गावाहून त्यांचे जुने दोस्त आले. तरुणपणी दोघांनी बरोबर मेंढरं राखलेली. पाहुण्याला तर्रीशिवाय रस्सा वाढला तर आमच्याकडे तोंड दाखवायला जागा राहत नाही. म्हणून मी शहाणपणा केला. रस्सा नेहमीचाच ठेवला आणि वेगळ्या कढल्यात तेल, मसाला तापवून लालभडक तर्री केली. दोघं शेजारी जेवायला बसले. पाहुण्यांच्या वाटीत मी तर्री ओतली आणि सासऱ्यांची वाटी तशीच सोडून मागे वळले.

एका पंगतीत दोन तऱ्हेचं वाढत नाहीत, हे मला लहानपणापासून माहीत होतं. डोक्यात पथ्य बसलं होतं, त्यात तेवढं विसरले. भाकरी मोडता मोडता पाहुण्यांचा हात थांबला.

"मला वाढ की," सासरे म्हणाले. आवाज उगाच मोठा होता.

वाढावं तर जिवाशी खेळ, न वाढावं तर गुपित फुटणार. मला स्वतःचाच राग आला. मी कढलं धरून उभी राहिले आणि वाढलं नाही.

पाहुण्यांनी आपली वाटी माझ्याकडे सरकवली. "सूनबाई, ही घे. मलाबी त्याच्यावानीच वाढ."

"आप्पा, तुमच्यासाठीच केलीय."

"मलाबी पथ्य हाय, छातीचं. साल झालं. घरच्यांबिगर कुणाला ठाव न्हाई."

सासऱ्यांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. "मला सांगायचं न्हाई व्हय?"

"तू तरी कुठं सांगितलंस?"

मी दुसरी वाटी भरून आणली. दोघं जेवू लागले. मग पाहुणे म्हणाले, "पावटा चांगला शिजलाय." सासरे म्हणाले, "तिच्या हातचा शिजतोच." माझ्या स्वयंपाकाबद्दल त्यांच्या तोंडून मी ऐकलेला हा पहिला चांगला शब्द.

संध्याकाळी सासरे त्यांना हायवेवरच्या थांब्यापर्यंत सोडायला गेले. मी दारातून बघत होते. तेवढ्या रस्त्यात दोघं चार वेळा थांबले. चपलेतला खडा कुणीच काढला नाही.