अठ्ठावन्न जणांनी सिद्ध केलेलं खोटं

संगणकशास्त्राच्या मुलांना मी गणित शिकवतो. घरी प्रिंटर अडला तर बायकोला हाक मारतो, पण वर्गात माझा थाट असा, की गणित जणू मीच शोधून काढलंय.

यंदा परीक्षेत मी प्रश्न घातला: एकपासून पुढची कुठलीही पूर्ण संख्या घ्या, दोनचा तितकावा घात त्या संख्येच्या वर्गाहून मोठाच असतो, हे सिद्ध करा. बारा वर्षं मी हेच फळ्यावर सिद्ध करत आलो होतो. अठ्ठावन्न जणांनी माझंच टिपण दीड-दीड पान ओकलं आणि मी खुशीत पैकीच्या पैकी गुण वाटले. एका मुलीने फक्त लिहिलं होतं, 'तीन घ्या. आठ आणि नऊ. विधान खोटं आहे.' तिला मी लाल शाईने भोपळा दिला. वर शेरा मारला, 'अभ्यास करा.'

त्या भोपळ्याने ती नापास झाली. नोकरीचं पत्र हातात होतं, पण पास झाली तरच रुजू होता येणार होतं. उत्तरपत्रिका घेऊन ती माझ्या खोलीत आली.

"सर, एकदा बघता का?"

मी कागदावर मांडलं. दोनचा घन आठ, तीनचा वर्ग नऊ. बोटांवरही मोजलं, पण आठ काही वाढेना. एक तपासून मी दरवर्षी थेट पुढे धावत होतो, आणि दोन, तीन, चारपाशीच सगळं बोंबललं होतं. माझे कान तापले.

ती हळूच म्हणाली, "तुम्ही मुद्दाम घातला होता ना प्रश्न? आम्ही तपासतो का ते बघायला?"

केवढी सोय करून दिली पोरीने. हो म्हणायला मी तोंड उघडलंही होतं. पण तो लाल शेरा समोरच होता.

"नाही," मी म्हटलं, "मला माहीतच नव्हतं."

गुण बदलण्याच्या अर्जात कारण म्हणून मी लिहिलं, 'शिक्षकाला येत नव्हतं.' परीक्षा विभागातले कारकून म्हणाले, "सर, बेरजेची चूक लिहा की. सगळे तेच लिहितात."

"बेरीज चांगली आहे हो माझी," मी म्हटलं. अर्ज तसाच गेला आणि ती पास झाली.

निकाल घेऊन ती भेटायला आली, तेव्हा मला राहवेना. "तुला हे परीक्षेतच सुचलं?"

"नाही सर. तुम्ही शिकवलंत त्याच दिवशी दिसलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

ती जरा घुटमळली. "आदल्या आठवड्यात एकाने शंका विचारली, तर तुम्ही त्याला सगळ्या वर्गासमोर हसलात. म्हणून मग मी तीन दिवस माझंच काय चुकतंय ते शोधत बसले."