सुलीची हळद

"मावशे, तू गाऊ नको. नुसती उभी रा. तोंड हलव."

डोंबिवलीजवळच्या गावात, हळदीच्या मांडवात, नवरीच्या बापाने मला हे सांगितलं. जमीन बिल्डरला दिलेली, नवा बंगला बांधलेला, व्हिडिओवाला ठाण्याहून आणलेला. व्हिडिओवाल्याचं म्हणणं, बाईचा आवाज फाटतो, कॅसेट लावा. मी म्हटलं, कॅसेटमधला आवाज पण माझाच. बाप हसला. कव्हर माझ्यापुढे धरलं. त्यावर नऊवारीतली गोरी पोरगी. खाली ठाण्याच्या एका संगीतकार साहेबांचं नाव. गाणारीच्या जागी 'पारंपरिक'. म्हणजे मी.

मी धवलारीण. आमच्या आगऱ्यांत लग्नाला बाई लागते, ती धवले गाते. गाण्यात ज्याचं नाव येईल तो उठतो, नवरीला हळद लावतो. आई, मामा, आत्या, सगळे नावाने. नाव नाही तर धवला नाही. कळव्यापासून खडवलीपर्यंत मला बोलवणं असायचं. कुणाची पोर कुठे दिली ते मला तोंडपाठ.

साहेबांनी काही वर्षांपूर्वी मला गायला नेलेलं. बंद खोली, कानाला डबडं. म्हणाले, गा. मी विचारलं, नवरी कोण? त्यांना हसू आलं. म्हणाले, कुठलंही नाव घाला हो, काय फरक पडतो. मला तसं जमत नाही. मी सुलीचं नाव घेतलं. सुली माझी लेक. सहाव्या वर्षी तापात गेली. म्हटलं, इथे तरी माझ्या पोरीला हळद लागू दे. वेडीच मी.

ती कॅसेट तुफान चालली. कळव्याच्या रिक्षात मी, कल्याणच्या पानटपरीवर मी. लोक म्हणायचे, नशीब काढलंस बाई. मला काहीच वाटायचं नाही. सुली गेली तेव्हापासून आत सगळं बधिर.

तर त्या दिवशी कॅसेट लागली. पाटावर दुसऱ्याची पोर, आणि माझा आवाज तिला सुली म्हणतोय. मी तोंड हलवत होते. हो, हलवलं. सांगायला लाज वाटते. मग कॅसेटने सुलीच्या मामाला नावाने हाक मारली, म्हणजे माझ्या भावाला. मांडवात त्या नावाचं कुणीच नाही. कोण उठणार? एक पोरगा ओरडला, मामा पळाला रे. अख्खा मांडव हसला. माझ्या मेलेल्या लेकीच्या हळदीत हसला.

मी गेले आणि टेपची वायर ओढली.

"हळद कुणाला लावताय? पोरीचं नाव तरी घ्या."

बाप अंगावर आला. पायरीने रहा, म्हणाला. मी पाटासमोर जाऊन उभी राहिले.

धवलारीण सगळ्यांची नावं घेते, स्वतःचं कधीच नाही. त्या दिवशी मी आधी माझं नाव गायले, आईबापाने ठेवलेलं, पूर्ण. मग नवरीचं. मग तिच्या मामाचं. तो उठला. कुणी हसलं नाही.

पुढे साहेबांचा माणूस दारात आला, कॅसेटचा दुसरा भाग काढायचाय म्हणून. त्याला आत घेतलं नाही. उंबऱ्यातच सांगितलं, सुलीचं नाव आता कुठल्या मशीनला मिळणार नाही. आणि मी गायचं असेल तर आधी माझं नाव. नाहीतर मांडव मुका राहू दे.