ट्रायलवर आणलेलं ऊन

आर्किटेक्टच्या ऑफिसात प्लॅनपेक्षा किस्से जास्त साठतात. प्लॅन निदान पास होऊन बाहेर तरी जातात, किस्से तिथंच मुक्कामाला! आमचं ऑफिस सोलापुरात, सात रस्त्याजवळ. माणसं तीनच: मालक बागल सर, समीना आणि मी. गेल्या उन्हाळ्यात समीनानं एक सॉफ्टवेअर महिनाभराच्या ट्रायलवर आणलं आणि ऑफिसात धमाल सुरू झाली.

काय सॉफ्टवेअर होतं राव! घराचे नुसते ठोकळे मांडायचे, खिडक्या पाडायच्या, की कुठल्या महिन्यात, किती वाजता, कुठं किती उजेड पडेल ते रंगात हजर. पिवळं म्हणजे लख्ख, निळं म्हणजे अंधार. भिंत सरकवली की रंगही सरकतो! वीट रचायच्या आधीच घरातलं ऊन बघायला मिळतंय म्हटल्यावर आम्ही दोघं येडेच झालो.

सर मात्र ढिम्म. "उजेडाला कशाला पाहिजे सॉफ्टवेअर? खिडकी ठेवली की येतोय की! खेळा महिनाभर, मग काढून टाका."

म्हणजे सरांना पटवायला आमच्या हातात एकच महिना.

*

पहिल्याच दिवशी वळसंगच्या एका घराचं मॉडेल केलं. मे महिना, दुपारचे बारा. दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट हॉलच्या मध्यापर्यंत! आम्ही सरांना ओढतच स्क्रीनपाशी आणलं.

सरांनी स्क्रीन बघितली, मग रुमालानं मान पुसली. "मे महिन्यात बारा वाजता आपल्याकडं सूर्य डोक्यावर असतो. तुमचा हा असा तिरका होऊन हॉलमध्ये कसा शिरला?"

समीनानं सेटिंग उघडलं. गाव बदलायचंच राहिलं होतं! सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचं कुठलंसं उत्तरेकडचं शहर तसंच होतं.

"बर्फातलं घर वळसंगला बांधताय व्हय!"

*

गाव बदलून त्याच घराचे मालक सिद्रामप्पांना बोलावलं. मोठे बागायतदार. पश्चिमेच्या खिडकीतून हॉल कसा पिवळाधमक होतो ते आम्ही कौतुकानं दाखवलं.

"आवं, दिसभर उन्हातच असतोय मी. घरातबी ऊनच दिऊ लागलाव की! सावली दावा."

आम्ही पश्चिमेला व्हरांडा काढला. पिवळा रंग मागं हटला. सिद्रामप्पा खुर्चीतून उठलेच! "आनि वाढवा! आनि!" शेवटी माऊस त्यांच्याच हातात. हॉल गार निळा झाला तेव्हा व्हरांडा शेजारच्या प्लॉटमध्ये घुसला होता.

"अहो, ती जागा दुसऱ्याची आहे," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या. भाऊच हाय!"

*

या सगळ्यात रोजचा एक कार्यक्रम ठरलेला. दुपारी सरांचा डबा उघडायचा आणि भातात खडा निघायचा. कट्ट! आवाज माझ्या टेबलापर्यंत यायचा.

"हिला सांगून दमलो, डोळे तपासून घे. चष्मा बदलून दिला, तरी खडा दिसत न्हाय!"

वहिनींचा चष्मा हा सरांचा जेवणातला कायमचा विषय.

*

नातेपुत्याचे एक दुकानदार मुलाला घेऊन आले. बंगला बांधायचा होता. त्यांना मी मुलाची खोली दाखवत होतो.

"सकाळी सहाला ऊन कुटं पडतंय?" वडिलांनी विचारलं.

"दारापाशी."

"आन् ह्याची उशी?"

"या कोपऱ्यात."

वडील पुढं सरसावले. "मग खिडकी हलवा की! उशीवर पाडा!"

खिडकी हलवली. पिवळा ठिपका सरकत सरकत बरोब्बर उशीवर येऊन बसला. वडिलांनी टाळी वाजवली. मुलाचा चेहरा बघवत नव्हता.

सर हसले, पण म्हणाले, "शनिवारी ट्रायल संपतंय ना?"

समीनाचा चेहराही तसाच झाला.

*

शनिवार उजाडला. नेमका सरांचा डबा घरी राहिला, म्हणून वहिनी स्वतः घेऊन आल्या. रंग बघून हरखल्या. "आमचं घर दिसतं का गं यात?"

सरांचं घर म्हणजे त्यांच्याच हातचं डिझाइन. नवीन गिऱ्हाईक आलं की आधी तेच दाखवायचे. समीनानं लगेच मॉडेल केलं. हॉल पिवळा! बेडरूम पिवळी! देवघर तर झगमगीत!

"बघा! तेव्हा कुठं होतं सॉफ्टवेअर?" सरांची छाती फुगली.

"आणि स्वयंपाकघर?" वहिनी म्हणाल्या.

"डबा गार होतोय," सर म्हणाले.

समीनानं बटण दाबलं. भरदुपारी ओटा निळाशार. तिनं महिना बदलला. निळाच. सगळे महिने फिरवले. निळाच!

वहिनींनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला आणि सरांकडं बघितलं.

सरांनी फोन उचलला. "मिस्त्री, उद्या सकाळी घरी या. छन्नी-हातोडा घेऊन." मग समीनाकडं न बघताच म्हणाले, "ते ट्रायल कायमचं करून टाक."

आम्ही आनंदानं ओरडायचंच बाकी होतं. सर मुकाट्यानं डबा उघडून बसले. पहिला घास घेतला.

कट्ट!

सगळ्यांनी ऐकला. सरांनी घास तसाच गिळला.

"भात लई झकास झालाय."