हाय म्हंजी हाय

वडगाव रासाईत बोअरमधली मोटर वर काढणारे एक मामा आहेत. हात कायम ग्रीसनं माखलेले, आवाज मात्र शिवारभर पोचणारा. कुठल्या बोअरमध्ये काय बिघाड निघाला, हे त्यांनी बोलावं आणि फोननं लिहून घ्यावं, असं अ‍ॅप मी त्यांच्यासाठी केलं. पण स्क्रीन बंद झाली की अ‍ॅपचा कानही बंद व्हायचा. तो जागा ठेवला, तर नवीनच खोड निघाली. मामा म्हणाले, "केबल जळली हाय," आणि खिशातून उत्तर आलं, "नमस्कार!" अ‍ॅपला ते इंग्रजीतलं हाय वाटलं होतं.

"मामा, 'आहे' म्हणून बघा ना."

"मी न्हाई बदलायचा, ताई. त्याला शिकवा. परत नमस्कार केला तर बोअरमधी सोडीन त्याला."

माझी चिडचिड झाली, पण शिकवलं.

काल मी फोन लॉक करून मामांच्या खिशात टाकला. मामा तासभर पाइप ओढत ओरडत होते, "वायर खराब हाय! मोटर चांगली हाय! पानी बख्खळ हाय!"

खिसा गप्प. फोन उघडला, तर एकूण एक 'हाय' जागच्या जागी उतरलेला.

मामांनी ग्रीसचे हात फोनपुढं जोडले.

"आता मीच म्हंतो, नमस्कार!"