पेन्शन येईल, असं मी म्हणाले

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. तुम्हाला का सांगतेय — कोण जाणे.

सात वर्षांपूर्वी मी एका आर्थिक संशोधनासाठी घरोघरी फिरून प्रश्नावल्या भरून घ्यायचे. कामगारांच्या घरात बचत किती, म्हातारपणाची सोय काय, असले प्रश्न. नियम बजावलेला होता — नवरा-बायकोला वेगवेगळं विचारायचं, एकाचं उत्तर दुसऱ्याला कळू द्यायचं नाही. नियम चांगलाच होता. त्याच्याआड लपले ती मी.

पुनावळ्यातलं दोन खोल्यांचं घर. नवरा चाकणला कंत्राटावर, दर चार-पाच वर्षांनी नवी कंपनी. तो मोकळेपणानं बोलला — कंपनी सुटली की पीएफ काढायचा, त्यासोबत पेन्शनचे पैसेही काढून घ्यायचे. तिकडे सगळेच तसं करतात. कधी पोरीची फी, कधी बहिणीचं लग्न. म्हणजे पेन्शनच्या नावानं भोपळा. "मंडळींला सांगू नका, ताई," म्हणाला. मी मान हलवली.

तो खाली गेला आणि सुनंदाताई समोर बसल्या. मेससाठी पोळ्या लाटायच्या त्या, हात पिठाचेच. बँकेतून आणलेला एक अर्ज त्यांनी डब्याखालून काढला — स्वतःच्या पेन्शनचा. चाळिशीच्या आत भरायचा होता, आणि चाळिशीला तीनच महिने उरले होते.

"ह्यांची पेन्शन येनार हाय ना वो, ताई? मग ह्यो भरू का ऱ्हाऊ दे? तुमी शिकलेल्या, तुमीच सांगा."

नवऱ्याचं काही न सांगता, "तुमचा अर्ज भरा" — एवढं म्हणता आलं नसतं का? आलं असतं. पण त्यांनी "का?" विचारलं असतं. मग घरात भांडण, प्रश्नावली अर्धी, पुन्हा खेप... आणि मला त्या दिवशी अजून चार घरं उरकायची होती.

"येईल की," मी म्हणाले. "राहू दे तो अर्ज."

गुप्तता पाळा, असं मला शिकवलं होतं. खोटं बोला, असं कुणी शिकवलं नव्हतं. घराबाहेर पडले तेव्हा मला हायसं वाटलं होतं — त्याचीच आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

गेल्या महिन्यात पिंपरीच्या बाजारात त्या दिसल्या. मी तोंड चुकवत होते. त्यांनीच हाक मारली. मनगटाला पट्टा बांधलेला.

"तुमी सांगितल्यापासनं निवांत हाय बगा मी. दोन वर्सांनी ह्यांना अठ्ठावन पुरी व्हत्यात. मंग पोळ्या बंद. हात लई दुकत्यात आता."

तो अर्ज आता भरता येत नाही. हे त्यांना ठाऊक नसेल, मला आहे. बाजारात, भर दुपारी, त्या माझा हात धरून उभ्या होत्या.

"हो," मी म्हणाले, "मग आराम करा."